पोरींची ओव्हरहेड सर्व्हिस नेटपर्यंतच पोचत नाही, कुठून सुरुवात करू?

पारोळ्याची बाई

नमस्कार मंडळी. मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडे क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी आहे म्हणून यंदा मुलींची व्हॉलीबॉलची टीम माझ्याकडे आली. मी कॉलेजात खोखो खेळलेय पण व्हॉलीबॉल कधी हातात धरला नव्हता, गेले पंधरा दिवस पोरींसोबतच शिकतेय.

आठवी ते दहावीच्या अकरा पोरी आहेत. बॉल दोन, त्यातला एक रात्रीतून बसतो. शाळा सुटल्यावर पाच ते सहा एवढाच वेळ मिळतो कारण नंतर कोणाला एसटी पकडायची असते कोणाला घरी जाऊन भाकरी टाकायच्या असतात, आणि रविवारी निम्म्या पोरी कपाशी निंदायला जातात त्यामुळे रविवार धरतच नाही.

अडचण सर्व्हिसची आहे. खालून मारलेली सर्व्हिस पाचसहा जणींची जाते. पण त्यांना वरून मारायची आहे, मोबाईलवर बघतात ना सगळं. वरून मारली की नेटच्या अलीकडेच पडते नाहीतर बाजूच्या निंबाच्या झाडात जाते. मारायच्या आधी बॉल हाताने वर उडवतात, तो टॉस कधी डोक्यामागे जातो कधी पार उजवीकडे, मग त्याच्यामागे दोन पावलं पळत जाऊन मारतात. मनगटं लालबुंद होतात. काल एक जण मला म्हणाली, "बाई, मन्हा हात दुखस, उद्या येऊ का नको?" आणि मला रात्री झोप लागली नाही.

सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट सांगते. दहावीतली एक पोरगी आहे, टीममध्ये सगळ्यात उंच, दोन कळश्या डोक्यावर एक काखेत घेऊन चालते एवढी ताकद आहे. तिचा बॉल सगळ्यात कमी जातो. आणि आठवीतली काडीसारखी एक आहे तिचा नेटला लागतो म्हणजे जवळपास पोचतो. हे असं का? ताकदीचा व्यायाम द्यायचा का? तालुक्याच्या स्पर्धेला दीड महिना आहे. ज्यांनी शिकवलंय किंवा खेळलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा, मी वहीत उतरवून घेणार आहे.

जुना लिफ्टर

मॅडम नमस्कार. मी भुसावळला रेल्वेत होतो, आता रिटायर. तीस वर्षं खेळलो आणि पोरांना शिकवलं पण.

सर्वात आधी एक काम करा, टेप घेऊन नेट मोजा. खेड्यातल्या शाळेत नेट बहुतेक वेळा मोठ्या पोरांसाठी बांधलेलं असतं आणि तेच कायम राहतं. पुरुषांचं नेट २.४३ मीटर, महिलांचं २.२४. हा १९ सेंटीमीटरचा फरक आहे, वीतभर समजा, आणि पोरींच्या सर्व्हिसला तो खूप होतो. मोजायचं ते मैदानाच्या मधोमध, खांबाजवळ नाही. दोन्ही कडांना नेट मधल्यापेक्षा २ सेंटीमीटरपेक्षा जास्त वर नको आणि दोन्हीकडे सारखं पाहिजे. तुमच्या वयोगटाला स्पर्धेत किती उंची ठेवणार ते तालुक्याच्या संयोजकांना विचारून घ्या म्हणजे त्याच उंचीवर सराव होईल.

आता तुमच्या उंच पोरीचं. तुम्ही स्वतःच उत्तर लिहून ठेवलंय, टॉसच्या मागे पळतात म्हणालात ना तिथेच सगळं आलं. सर्व्हिस ही टॉसवर चालते, हाताच्या ताकदीवर नाही. टॉस डोक्यामागे गेला की पाठ मागे वाकते, बॉल खालून लागतो, तो वर चढतो आणि पुढे जातच नाही. ताकदवान पोरगी जोर लावायचा म्हणून टॉस पण उंच फेकते, उंच फेकला की तो वाकडा जातो, वाकडा गेला की ती अजून जोर लावते. काडीसारख्या पोरीचा टॉस छोटा असणार, ती बॉलच्या मागे व्यवस्थित उभी असणार. उद्या बघा आणि सांगा.

टॉस असा शिकवा. उजव्या हाताची पोरगी असेल तर डावा पाय पुढे, बॉल डाव्या तळहातावर, हात उजव्या खांद्याच्या समोर सरळ. बोटांनी बॉल फिरवायचा नाही, थाळी वर उचलतो तसा हात उचलायचा आणि बॉल सोडून द्यायचा. उंची किती, तर उजवा हात पूर्ण वर केला की बोटांच्या हात दीड हात वर, त्याहून जास्त नको. आणि पहिले चार दिवस मारायचंच नाही! नुसता टॉस करायचा, बॉल खाली पडू द्यायचा. पायापुढे फक्कीने ताटलीएवढा गोल काढा, डाव्या पायाच्या थोडं पुढे आणि उजव्या खांद्याच्या रेषेत. बॉल त्या गोलात पडला तर टॉस बरोबर. दहातले आठ पडायला लागले की मगच मारायला द्या. पोरी कंटाळतील, कुरकुरतील, पण तुम्ही हटू नका.

बाकी मारताना कोपर कानाच्या वर, तळहाताचा खालचा जाड भाग बॉलच्या बरोबर मध्यावर, मनगट ताठ. मनगटं लाल होतात म्हणजे बॉल मनगटावर आणि त्याच्या खाली लागतोय, त्याचंही मूळ टॉसच आहे.

साक्रीवाला

राम राम काका, राम राम ताई. काकांचं टॉसचं सोळा आणे खरं पण माझं एक वेगळं मत आहे. दीड महिन्यात अकरा पोरींना वरून सर्व्हिस शिकवायच्या नादात स्पर्धेत बारा पंधरा पॉइंट फुकट जातील. आता सगळे पॉइंट चालू असतात, सर्व्हिस चुकली की समोरच्याला पॉइंट आणि सर्व्हिस दोन्ही मिळतं, २५ च्या सेटमध्ये दहा सर्व्हिस गेल्या तर सेट गेलाच म्हणून समजा. मी आमच्या साक्री भागात गावोगावच्या मॅचेसला खेळतो, पोरींच्या पण बघितल्यात, जी टीम निमूट खालून दहापैकी नऊ सर्व्हिस टाकते ती जिंकते.

खालूनची पण नीट शिकवा, बऱ्याच ठिकाणी तीच चुकीची असते. डाव्या हातात बॉल गुडघ्याच्या थोडा वर धरायचा, उजवा हात झोक्यासारखा मागून पुढे येणार, आणि बॉल हातातनं सोडून मग मारायचा. हातात धरलेल्या बॉललाच ठोसा मारला तर रेफरी फॉल्ट देतो. आमच्या पोरांचा एक अख्खा सेट असाच गेला होता, कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि रेषा! मारायच्या क्षणी पाय मागच्या रेषेवर नको, रेषेला नख लागलं तरी फुट फॉल्ट. मारल्यानंतर आत गेला तर चालतं. पोरींना रेषेपासून एक पाऊल मागे उभं करायची सवय लावा. मागे सगळी ९ मीटरची रुंदी वापरता येते, एकाच कोपऱ्यातून मारली पाहिजे असं नाही.

शहाद्याची

ताई, तुमची पोस्ट वाचून मला माझी नववी आठवली. मी शाळेतनं जिल्ह्यापर्यंत खेळले, आता नर्स आहे. साक्रीवाले दादा म्हणतात ते स्पर्धेपुरतं बरोबर आहे पण मला एक सांगायचंय. आमच्या सरांनी पण असंच म्हटलं होतं, पोरींनी खालूनच टाकायची, वरून पोरींना जमत नाही. सगळ्या पोरींना तसंच ठेवलं. आणि जिल्ह्याला गेलो तेव्हा समोरच्या पोरी वरून मारत होत्या आणि आम्हाला ती उचलताच येत नव्हती कारण आम्ही तशी सर्व्हिस रोज बघितलीच नव्हती. स्वतःच्या टीममध्ये कोणी वरून मारणारं नसेल तर रिसीव्ह शिकणार कुठून? म्हणून दोन्ही शिकवा, मॅचला ज्या पोरीची जी बसली असेल ती तिने टाकायची.

आता मी कशी शिकले ते सांगते, तुमच्या उपयोगी पडेल. आमच्या गल्लीत एक म्हातारे बाबा होते, जुने खेळाडू. त्यांनी मला रडताना बघितलं. म्हणाले, चिंचा पाडता येतात का? मी म्हटलं हो. म्हणाले, पाडून दाखव. मी दगड घेतला आणि मारला, चिंचेचा आकडा खाली. त्यांनी मला परत दगड न घेता तसंच करायला लावलं, हळू हळू. कोपर आपोआप मागे आणि वर गेलं, डावा पाय पुढे आला, कंबर फिरली, हात कानाजवळून पुढे आला. म्हणाले, हीच सर्व्हिस आहे, हे तुला पाचवीपासून येतंय!

तुमच्या पोरी शेतातल्या आहेत, कैऱ्या बोरं चिंचा पाडलेल्याच असणार, काहींनी ज्वारीवरची पाखरं उडवायला गोफण पण फिरवली असेल. मैदानावर आल्या की त्या हाताला विसरतात आणि बॉलला धक्का द्यायला लागतात, गाडी ढकलल्यासारखा. आधी एका हाताने बॉल नेटवरून फेकायला लावा, मारायचा नाही, फेकायचाच. नेटपासून तीन मीटरवर मैदानात रेषा असते, तिथून सुरुवात. जिला फेकता येतो तिला मारता येतो.

दुसरं म्हणजे लटकता बॉल. कांद्याची जाळीची गोणी असते ना, त्यात बॉल घालायचा, तोंड सुतळीने बांधायचं आणि निंबाच्या फांदीला लटकवायचा. पोरीने हात वर करून तळहात लावला की बॉलच्या मध्यावर लागेल इतक्या उंचीवर. टॉसची भानगड नाही, पळायचं नाही, फक्त उभं राहून योग्य जागी मारायचं. एकीकडे एक पोरगी लटकत्या बॉलवर, दुसरीकडे दुसऱ्या बॉलवर फेकणं, बाकीच्या कापडाच्या गोळ्याने टॉस. तुमचे दोन बॉल पुरतील.

हात दुखतो म्हणाली ती पोरगी, तिला विचारा कुठे दुखतो. तळहात मनगट दुखत असेल तर बॉल जास्त कडक नाही ना बघा, दिवसभर उन्हात पडलेला बॉल आतली हवा तापून दगडासारखा होतो, सावलीत ठेवा. पण खांद्यात दुखत असेल तर दोन तीन दिवस सर्व्हिस बंद करा, आणि तरी राहिलं तर डॉक्टरला दाखवा. सुरुवातीला एकीने दिवसाला वीस पंचवीसपेक्षा जास्त वरून मारू नये, आणि आल्या आल्या थंड खांद्याने तर नाहीच. आधी हात गोल फिरवणं, हलकं फेकणं, मग. आणि "उद्या येऊ का नको" विचारते ना, तिला म्हणा ये, तू मोजायला बस. घरी बसली की ती परत येत नाही ताई, मी अशा तिघी बघितल्यात.

पारोळ्याची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीत शिपाई दादांना घेऊन नेट मोजलं. काका, खांबाजवळ २.५० आणि मधे २.४१ भरलं! झोळ पडलाय तो वेगळाच. पोरी बिचाऱ्या इतके दिवस पुरुषांच्या उंचीवरून काढायचा प्रयत्न करत होत्या आणि मी त्यांना जोर लावा जोर लावा म्हणत होते. संयोजकांना फोन लावला, २.२४ म्हणाले. लगेच दोऱ्या सोडून तेवढ्यावर आणलं आणि ताणून बांधलं.

उंच पोरीचा टॉस पण नीट बघितला, तंतोतंत काका म्हणाले तसंच, बॉल दोन अडीच हात वर जातो आणि डोक्याच्या मागे येतो. छोटीचा जेमतेम हातभर वर जातो.

एक विचारायचं होतं, मोबाईलवर पोरी बघतात त्यात बॉल हवेत डुलत जातो, आणि दुसरा एक प्रकार असतो तो वरून एकदम खाली पडतो. यातलं आधी कोणतं? आणि वारा. आमचं मैदान उघडं आहे, संध्याकाळी एका बाजूने जोरात वारा असतो.

जुना लिफ्टर

नेट मोजलंत, अर्धी लढाई तिथेच झाली.

डुलतो त्याला फ्लोटर म्हणतात. बॉलला अजिबात फिरकी नसते, त्यामुळे हवा त्याच्या अंगावरून एकसारखी सुटत नाही, कधी या बाजूने कधी त्या बाजूने, आणि बॉल आपली वाट बदलतो. समोरच्याला कुठे पडेल कळत नाही. दुसरा टॉपस्पिन, त्यात मनगट बॉलवरून पुढे वळवून त्याला पुढची फिरकी देतात, ती फिरकी बॉलला खाली ओढते. पोरींना आधी फ्लोटरच. कारण त्यात मनगट ताठ, हालचाल छोटी, टॉस बुटका, चुकायला जागा कमी. मारला की हात तिथल्या तिथे थांबवायचा, दारावर थाप मारून हात तसाच ठेवतो तसा. हात पुढे खाली ओढला की फिरकी येते आणि डुलणं जातं. बॉल हवेत असताना त्याच्या पट्ट्या स्पष्ट दिसतायत की गरगर फिरून एक झाल्यात ते तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं, तीच परीक्षा.

वाऱ्याचं म्हणाल तर समोरून वारा असेल तर बिनधास्त मारू द्या, तो बॉल आत ठेवतो आणि फ्लोटर अजून नाचतो. पाठीमागून असेल तर बॉल लांब जाऊन बाहेर पडतो, मग एक दीड पाऊल अजून मागे सरकून कमी जोराने मारायची. दर सेटला बाजू बदलते, शेवटच्या १५ च्या सेटमध्ये ८ पॉइंटला पण बदलते, म्हणून दोन्ही बाजूंनी सराव ठेवा. आपल्याकडे काय होतं, शाळेच्या भिंतीकडूनच रोज मारतात आणि मॅचला दुसऱ्या बाजूला गेले की गोंधळतात.

आणि शिट्टी. रेफरीच्या शिट्टीनंतर ८ सेकंद असतात, त्यात मारायची. शिट्टीआधी मारली तर ती रद्द होते आणि परत मारावी लागते. पोरींना घाई असते, बॉल हातात आला की मारून मोकळ्या. त्यांना सांगा दोनदा बॉल जमिनीवर आपटा, एक श्वास घ्या, समोर कुठे टाकायची तिकडे बघा, मग टॉस. प्रत्येकीने रोज अगदी तेच करायचं. आणि टॉस एकदाच. आमच्या वेळी वाकडा गेला तर सोडून परत करता यायचा, आता सोडून दिला तर सर्व्हिस गेली. आमच्या वेळी नेटला लागलेली सर्व्हिस पण बाद होती, आता नेटला लागून पलीकडे आत पडली तर चालू असते, हे पण सांगून ठेवा नाहीतर समोरच्यांची नेटला लागली की या उभ्या राहतील.

साक्रीवाला

शहाद्याच्या ताईंचं रिसीव्हचं म्हणणं पटलं, मी तसा विचार केला नव्हता. मग असं करा, तीन मीटरच्या रेषेवरून वरून मारायची, दहापैकी सात गेल्या की दोन पावलं मागे, परत सात गेल्या की अजून दोन. जी जिथे अडली तिने तिथेच थांबायचं, मागच्या रेषेची घाई करायची नाही. कोण कुठे पोचली ते खडूने भिंतीवर लिहा.

बॉल एकच राहिला तर भिंत वापरा. २.२४ वर भिंतीवर खडूची रेघ मारा, तिच्या हातभर वर पट्टा काढा, त्या पट्ट्यात बॉल लागला पाहिजे. बॉल आपोआप परत येतो, कोणाला आणायला पळावं लागत नाही. ताई, धीर धरा, व्हई जाई.

पारोळ्याची बाई

सोळा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला माफ करा, मधे पावसाने मैदान चिखल झालं होतं. काळी माती, चपला बाहेर काढायला हाताने ओढाव्या लागतात. चार दिवस व्हरांड्यात फक्त टॉस केले. शिपाई दादांनी फक्कीचे गोल काढून दिले, पाचवीची पोरं येऊन मोजत बसायची.

लटकता बॉल सगळ्यांना आवडला. निंबाच्या फांदीला बांधला, गोणी एका पोरीने घरून आणली, अजून तिला कांद्याचा वास येतो. पहिल्या दिवशी उंच पोरीने मारला तर बॉल फांदीला गुंडाळी घालून परत तिच्याच डोक्यावर आला. मी तिला म्हटलं, बाहेर बोराच्या झाडाला दगड मारतेस तसं कर. ती म्हणाली, "बाई तसं मारू का खरंच?" मारला. आवाजच वेगळा आला. आधी चप्प असा यायचा, आता टण्ण असा. सगळ्या पोरी वळून बघायला लागल्या.

मग खरा बॉल, तीन मीटर. मग पाच. काल ती सहाव्या मीटरला होती. टॉस अगदी छोटा केला, कोपर वर, आणि बॉल नेटवरून गेला, फिरत नव्हता, मला पट्ट्या दिसल्या, आणि पलीकडे जाऊन डावीकडे घसरला. पलीकडे उभ्या असलेल्या छोटीच्या हाताला लागून तो वर उडाला. पोरींनी एकच गिल्ला केला, गया वं बाई, गया! तिचे डोळे भरून आले होते, माझेही.

अकरातल्या चौघी आता मागच्या रेषेवरून वरून टाकतात, दहात पाच सहा जातात. बाकीच्या खालून टाकतात, त्यांच्या दहात नऊ. मॅचला तसंच ठेवणार आहे. हात दुखणारी मोजायला बसायची ती आता स्वतःहून टॉसला उभी राहते, तळहाताचा भाग लागायला लागल्यापासून दुखत नाही म्हणते.

शहाद्याच्या ताई, रिसीव्हचं तुमचं एकदम खरं निघालं, चौघी वरून मारतात म्हटल्यावर बाकीच्यांना उचलायला शिकावंच लागतंय, आणि बॉल हाताला लागून मागे निंबात जातो. दोन्ही हात जोडायचे ते बॉल यायच्या किती आधी जोडायचे? आमच्या पोरी खूप आधीच हात जोडून उभ्या राहतात आणि मग बाजूला सरकताच येत नाही.

शहाद्याची

ताई वाचून अंगावर काटा आला! हात शेवटी जोडायचे. आधी पाय. गुडघे वाकवून, हात मोकळे सोडून उभं राहायचं, बॉल सर्व्हिसवाल्या पोरीच्या हातातनं सुटला की पायाने त्याच्या मागे जायचं, आणि बॉल नेटवरून आपल्याकडे उतरायला लागला की मगच हात जोडायचे. समोरच्या पोरीच्या खांद्याकडे आणि टॉसकडे बघायला शिकवा, टॉस कुठे जातो त्यावरून बॉल कुठे येणार ते बरंचसं कळतं, तुमच्या पोरींनी तर सोळा दिवस टॉसच बघितलेत.